ल्यूर्सबाईंची पंधरा मिनिटं

"यंदा आपल्या अधिवेशनात एकही भाषण पंधरा मिनिटांच्या वर जाणार नाही. एक सेकंदसुद्धा नाही!"

फोल्कमार हिन्रिक्सने ही घोषणा न्हाणीघरातून केली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात मोजपट्टी, आणि टबाच्या कडेवर एक भलंमोठं मातीचं मडकं. मडक्याच्या बुडाशी भोक. भोकातून पाण्याची बारीक धार.

"आणि मला आंघोळ कधी मिळणार, तेही जाहीर कर," दाराबाहेरून बायको म्हणाली.

"चौदावी चाचणी आहे, झिल्के. सहाच राहिल्यात."

"मागच्या रविवारीही सहाच राहिल्या होत्या."

"तेव्हा भोक सव्वातीन मिलिमीटरचं होतं! आता साडेतीनचं आहे!"

टॉवेल खांद्यावर टाकून झिल्के शेजारणीकडे आंघोळीला गेली.

फोल्कमार शाळेत दोन विषय शिकवायचा, लॅटिन आणि भौतिकशास्त्र. त्यामुळे लॅटिनवाले त्याला यंत्र दुरुस्त करायला बोलवायचे आणि भौतिकवाले पत्रं लिहायला. शिवाय त्याच्या विभागातल्या लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्यांच्या मंडळाचा तो सचिव होता. दर मार्चमधल्या पहिल्या शनिवारी या मंडळाचं अधिवेशन विद्यापीठात भरायचं. साठेक शिक्षक, डझनभर प्राध्यापक, दुपारी एकला वाटाण्याचं सूप.

आता या मंडळींचं आणि वेळेचं नातं थोडं वेगळं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीला ही माणसं "तशी अलीकडची" म्हणतात. त्यांच्यापुढे पंधरा मिनिटांची काय पत्रास! एका वर्षी वक्त्यांना थांबवायला घंटा ठेवली, तर ती वाजल्यावर वक्त्याने देवळांतल्या घंटांवर सहा मिनिटं घेतली. पुढच्या वर्षी अध्यक्षा थेडा ओन्केन यांनी "दोन मिनिटं उरली" अशी चिठ्ठी पाठवली. वक्त्याने ती चष्मा लावून वाचली, खिशात घातली आणि म्हणाला, "आभारी आहे, या मुद्द्याकडे मी शेवटी येतो."

फोल्कमारने यावर शांतपणे विचार केला. ही माणसं घड्याळाला भीत नाहीत. मग कशाला मान देतात? तर जुन्याला! जुन्या अथेन्सच्या कोर्टात पक्षकार बोलायला उभा राहिला की मडक्यातून पाणी सोडत. पाणी संपलं, भाषण संपलं. असं मडकं समोर ठेवलं, तर कोणाची हिंमत आहे पुढे बोलायची?

पण त्याचा खरा हेतू वेगळाच होता. त्याला ते मडकं ल्यूर्सबाईंसाठी हवं होतं.

गेझीने ल्यूर्स. समुद्राकाठच्या एका लहान गावातल्या शाळेत तेहतीस वर्षं ग्रीक शिकवलेल्या बाई. फोल्कमार त्यांचाच विद्यार्थी. तो आज जो काही होता, तो त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढायच्या ऐवजी पहिल्या बाकावर बसवलं म्हणून होता. आता त्यांचा ग्रीकचा वर्ग बंद पडायच्या बेतात होता. नियमाला दहा मुलं हवी होती आणि नावं आली होती सात. सोमवारी शिक्षण खात्यात त्यावर सही व्हायची होती. लेखी अर्जांची मुदत संपली होती. एकच फट उरली होती. खात्याचे सल्लागार व्यूबेनासाहेब अधिवेशनाला पाहुणे म्हणून येणार होते, आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी जे ऐकलं, ते त्यांना आपल्या टिपणात घेता येत होतं. मात्र साडेबाराला ते उठणार होते. त्यांची गाडी बारा सत्तेचाळीसची होती आणि पुढची दोन तासांनी.

"फोल्कमार, मला पहिली बोलू दे," बाईंनी फोनवर सांगितलं होतं.

"नाही बाई! शेवटी!"

"अरे, शेवटी काय होतं ते मला माहीत आहे. तीस वर्षं बघतेय मी."

"यंदा तसं होणार नाही. ऐका माझं. माणूस शेवटचं ऐकलेलं लक्षात ठेवतो. सगळ्यात जोरदार मुद्दा शेवटी, हे तुम्हीच शिकवलंत मला! सव्वाअकराला सुरुवात, आधी फक्त दोन भाषणं. पावणेबाराला तुम्ही उभ्या राहाल. वर गरज पडली तर अर्धा तास हाताशी. पाण्याला दयामाया नसते, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. "तू म्हणतोस तर तसं."

हे "तू म्हणतोस तर" फोल्कमारला पुढे महिनोन् महिने दात घासताना ऐकू येत राहिलं.

शनिवारी सकाळी मडकं सभागृहात आलं आणि त्याचं स्वागत एखाद्या नवरदेवासारखं झालं. एका उंच तिवईवर मडकं, खाली जमिनीवर दुसरं मडकं, मध्ये पाण्याची धार. लोक भोवती जमले. कोणी वाकून पाहिलं, कोणी टिचकी मारून पाहिली. व्यूबेनासाहेब हे गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ. त्यांनी तर चक्क टाळी वाजवली.

"हे आमच्या खात्यात पाहिजे!"

ल्यूर्सबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. राखाडी स्वेटर, मांडीवर हाताने लिहिलेली सहा पानं. फोल्कमारने लांबूनच अंगठा वर केला. त्यांनी मान हलवली.

पहिलं भाषण एका तरुण अध्यापिकेचं, रोमन विटांवर. बिचारी मडक्याकडे बघत बघत इतक्या झपाट्याने बोलली, की भाषण संपलं तेव्हा मडक्यात चार बोटं पाणी शिल्लक! सभागृहात कौतुकाची लाट उठली. अकरा वाजून चोवीस मिनिटं! फोल्कमारचं मन हवेत तरंगायला लागलं.

"प्रश्न?" अध्यक्षा थेडाबाईंनी विचारलं.

सतरा हात वर झाले. त्यांतला एकही विटांबद्दल नव्हता.

"भोकाचा व्यास किती?"

"साडेतीन मिलिमीटर," फोल्कमार उठून म्हणाला. तिथेच त्याने बसायला हवं होतं. पण खरं उत्तर माहीत असलेल्या माणसाला ते पूर्ण सांगितल्याशिवाय राहवत नाही. "आणि गंमत अशी, की पाणी एकसारखं पडत नाही. पातळी खाली जाते तशी धार मंदावते. अर्धं पाणी गेलं म्हणजे अर्धा वेळ गेला असं नाही. पहिलं अर्धं पाणी साडेचार मिनिटांतच जातं, उरलेल्या अर्ध्याला साडेदहा लागतात. तळाचं पाणी सगळ्यात आळशी."

"अहो, मग वक्त्याला कळणार कसं?"

"म्हणून मी आतून रेघा मारल्यात!"

रेघा बघायला आणखी गर्दी झाली. मडकं मातीचं की काशाचं असायला हवं होतं, यावर दोन प्राध्यापकांचं वाजलं. एकविसाव्या मिनिटाला थेडाबाईंनी टेबलावर हात आपटला तेव्हा पावणेबारा झाले होते.

फोल्कमारने हिशेब केला. काही बिघडलं नव्हतं. दुसरे वक्ते ड्रेझेनसर बाराला संपवतील. बाईंना पंधरा मिनिटं, वर पंधरा राखीव. ठीक!

ओटोकार ड्रेझेन हे निवृत्त प्राध्यापक. उंच, पांढरी दाढी, आवाज असा की माइक लाजून बाजूला व्हावा. त्यांचा विषय होता प्राचीन लोकांचे दिवे. त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, मडक्याला वाकून नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. धार सुटली. दोन मिनिटं झाली. आणि मग सर थांबले.

"हिन्रिक्स, आता पाणी बंद करा."

"काय, सर?"

"मी आता अवतरण वाचतोय. कोर्टात कायदा किंवा साक्ष वाचून दाखवताना पाणी थांबवत. तो वेळ वक्त्याचा धरत नसत. तुम्हाला हे सांगायची गरज नसावी."

गरज नव्हतीच. फोल्कमारला ते पाठ होतं. मडकं भाजायला टाकलं तेव्हापासून पाठ होतं. पण हे कोणी मागेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"अगदी बरोबर!" पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक ओरडले. "प्रथाच आहे तशी!"

सभागृहाने माना डोलावल्या. आता करायचं काय? बूच तर त्याने बनवलंच नव्हतं. फोल्कमार तिवईपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने भोकावर अंगठा दाबला.

ड्रेझेनसरांनी अवतरण वाचलं. लांबलचक, सावकाश, मूळ भाषेत, मग भाषांतरात. ते संपलं.

"पाणी."

अंगठा निघाला. "हाच लेखक पुढे म्हणतो," सर म्हणाले. "बंद."

अंगठा परत.

तेव्हा फोल्कमारला कळलं की सरांच्या गठ्ठ्यात भाषण असं नव्हतंच. दिव्यांबद्दल कोणी कोणी काय काय लिहून ठेवलंय ते सगळं होतं, आणि मध्ये मध्ये "तसंच" आणि "याउलट" हे दोन शब्द.

पाणी. तसंच. बंद. पाणी. याउलट. बंद.

बारा वाजले. मडकं निम्म्यावर होतं. अंगठा बधिर झाला होता आणि बाहीतून पाणी कोपरापर्यंत उतरलं होतं. थेडाबाई वाकून कुजबुजल्या, "अहो, जरा सोडा ना थोडं!"

त्याने अंगठा केसभर सरकवला. धार सुटली. बारीक, निःशब्द, अपराधी धार.

"पाणी चालू आहे!" मुख्याध्यापक उभे राहिले. "अवतरण चालू असताना पाणी चालू आहे!"

"हिन्रिक्स!" ड्रेझेनसर दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

लोक हसले. व्यूबेनासाहेब सगळ्यात जास्त हसले, रुमालाने डोळे पुसत. ल्यूर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

बारा वाजून दहा मिनिटं. फोल्कमारने आतल्या रेघा पाहिल्या. दोन बोटं पाणी, म्हणजे साडेचार मिनिटं. गठ्ठ्यात पानं तीन. म्हणजे अवतरणं धरून सर बारा एकोणीसला संपवणार. बाईंना अकरा मिनिटं मिळतील. पंधरा नाहीत, पण अकरा! अकरा मिनिटांत खूप काही होतं. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. गुडघ्यावर, ओल्या बाहीने, नऊ मिनिटं.

पण त्याला आठवलं. नेमका त्याच क्षणी त्याला सगळा नियम आठवला, आणि तो ओरडला.

"सर! पाणी थांबवायची सवलत फक्त खाजगी दाव्यांत होती! ज्या सरकारी खटल्यांना अख्खा दिवस मोजून दिलेला असायचा, त्यांत अवतरणासाठी पाणी थांबवत नसत!"

मग साठ चेहऱ्यांवर असा काही आनंद पसरला, की जणू शाळेला अचानक सुट्टी लागली.

"बिनतोड मुद्दा!"

"पण आपलं अधिवेशन खाजगी की सरकारी?"

"विद्यापीठ सरकारी आहे!"

"मंडळ मात्र खाजगी आहे. नोंदणी बघा!"

"प्रश्न तो नाहीच. दिवस मोजून दिलेला आहे का, हा प्रश्न आहे."

"अहो, एकला सूप आहे! यापेक्षा मोजून दिलेला दिवस कोणता?"

"व्यूबेनासाहेब बसलेत म्हणजे सरकारच बसलंय!"

"छे छे," साहेब हात जोडून म्हणाले, "मी पाहुणा आहे. मला खाजगीच धरा!"

आणि हशा. या सगळ्या वेळात अंगठा भोकावरच, कारण वाद म्हणजे वक्त्याचा वेळ नव्हे, हे मात्र सगळ्यांना एकमताने मान्य होतं.

ल्यूर्सबाई उभ्या राहिल्या. "मला एकच सांगायचंय. साडेबाराला…"

"बाई, तुमचं पाणी सुरू झालं की बोला," मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले.

बाई बसल्या. आयुष्यभर मुलांना हात वर करून पाळीची वाट बघायला शिकवलेलं. स्वतः तो नियम कशा मोडतील?

मतदान झालं. एकतीस विरुद्ध तीस. फेरमोजणी झाली. तीस विरुद्ध एकतीस. कोणीतरी दोन्हीकडे हात वर केला होता. शेवटी ड्रेझेनसरच मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या. मी आवरतं घेतो." आणि त्यांनी फक्त एक अवतरण वाचलं. छोटंसं. दोन मिनिटांचं.

बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी ल्यूर्सबाई टेबलापाशी आल्या. फोल्कमारने मडकं काठोकाठ भरलं. त्यांना पूर्ण पंधरा मिनिटांचं पाणी मिळालं होतं. एक थेंब कमी नाही.

बाईंनी अध्यक्षांना, प्राध्यापकांना, सहकाऱ्यांना आणि खात्याच्या पाहुण्यांना रीतसर अभिवादन केलं. रीत त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आमच्या गावात आज सात मुलं ग्रीक शिकायला तयार आहेत," त्या म्हणाल्या. "त्या सातांबद्दल सांगण्याआधी…"

व्यूबेनासाहेब उठले. अतिशय हळू, कोणाला त्रास होऊ नये म्हणून वाकून. टेबलापाशी येऊन त्यांनी बाईंचा हात हातात घेतला, दिलगिरीने मान झुकवली, कोट घेतला आणि गेले.

बाईंनी पानं नीट जुळवली. धार पडतच होती.

"फोल्कमार," त्या म्हणाल्या, "उरलेलं पाणी खिडकीतल्या झाडांना घाल. सुकलीत ती."

फोल्कमारने पाणी घातलं नाही. त्याने बाईंच्या हातातली सहा पानं ओढून घेतली आणि धावत सुटला. स्टेशन जवळच होतं. मार्चमधला वारा, ओली बाही, छातीशी पानं. गाडी सुटायच्या बेतात होती, व्यूबेनासाहेब डब्याच्या दारात उभे होते.

"अहो हिन्रिक्स! काय मजा आली! कित्येक वर्षांत इतका हसलो नव्हतो! पाणी चालू आहे म्हणे!"

"साहेब… बाईंचं… बाईंचं भाषण…"

"हो, त्याचं वाईट वाटलं मला. कागद नाही घेता येणार, मुदत संपली. पण मी एकच गोष्ट ऐकायला आलो होतो बघा. शेजारच्या गावच्या शाळेतली मुलं त्यांच्या वर्गाला येऊ शकतात का? किती? आणि बस वेळेवर पोचते का? दोन शाळा मिळून दहा भरली, तर मला वर्ग ठेवता येतो. तुम्ही मंडळाचे सचिव. तुम्ही तोंडाने सांगितलंत, तरी मी ऐकलं असं लिहीन."

फोल्कमारने तोंड उघडलं. बाईंनी त्या भाषणाची प्रत त्याला दोन आठवड्यांपूर्वी पाठवली होती. पाकीट टेबलावर होतं. न फोडलेलं. ते दोन आठवडे भोकात गेले होते.

"एक मिनिट!" तो म्हणाला आणि पानं चाळू लागला. पानं बाहीच्या पाण्याने एकमेकांना चिकटली होती. बाई शाईच्या पेनाने लिहायच्या. पहिलं पान निघालं. दुसरं निघालं. तिसरं आणि चौथं एक होऊन बसली होती, आणि त्यांच्यामध्ये निळं तळं साचलं होतं. "आहे, साहेब! इथेच कुठेतरी आहे! मुलं आहेत! मला वाटतं, येतात…"

"किती?"

तो खोटं बोलू शकला असता. चार म्हण, पाच म्हण! पण मोजल्याशिवाय आकडा सांगायची सवय त्याला नव्हती.

"नक्की माहीत नाही," तो म्हणाला.

साहेबांनी खेदाने मान हलवली. दार लागलं. गाडी सुटली.

तो परत आला तेव्हा सगळे सूप पीत होते आणि खाजगी-सरकारीचा वाद टेबलाटेबलावर चालू होता. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्याने पानं पुढे ठेवली. बाईंनी तो ओला गोळा अलगद बाजूला सरकवला.

"बाई, त्यांनी शेजारच्या शाळेबद्दल विचारलं."

"तिसऱ्या पानावर होतं," बाई म्हणाल्या. "चार मुलं. बस एक पन्नासला पोचते, वर्ग दोनला. मी स्वतः तीन दिवस त्या बसने जाऊन पाहिलं." त्यांनी ब्रेडचा तुकडा सूपमध्ये बुडवला. "खा आधी. गार होतंय. आणि शर्ट बदल, सर्दी होईल."

त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

सोमवारी सही झाली. सात मुलांना दुसरे विषय मिळाले. चौघांच्या बसने त्या शाळेपाशी थांबायचं कारण उरलं नाही. पण ते नंतरचं. त्या शनिवारी दुपारी अडीचला मंडळाची कामकाजाची सभा झाली आणि तीत दोन ठराव आले. पहिला, ग्रीकच्या शिक्षणाकडे सरकार करत असलेल्या दुर्लक्षाबद्दल तीव्र खेद. तो एका मिनिटात संमत झाला. दुसरा ड्रेझेनसरांनी स्वतः मांडला: सचिव हिन्रिक्स यांनी अपार कष्टाने पाणघड्याळ बनवून अधिवेशनाला जी शिस्त आणली, त्याबद्दल त्यांचं हार्दिक अभिनंदन.

"अनुकूल?" थेडाबाईंनी विचारलं.

हातच हात वर झाले. फोल्कमारने मान खाली घातली होती, पण त्याला बघितल्याशिवाय राहवलं नाही. तिसऱ्या रांगेत राखाडी स्वेटरचा एक हात होता. बाईंना वाटलं, पुढच्या उंच माणसामुळे त्याला तो दिसत नसावा. म्हणून त्यांनी तो आणखी थोडा वर केला.